झग्याच्या काठातलं शिसं

ते साल एकोणीसशे शहाण्णव. त्या वर्षी वादापायी बाप्तिस्म्याचा हौद तीन महिने कोरडा पडून होता, म्हणून शिवणबाईंच्या ते पक्कं लक्षात राहिलं.

त्यांच्या बाप्तिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हेत. व्यासपीठाच्या फळ्या उचलायच्या, खालचा हौद भरायचा आणि माणसाला अख्खा बुडवून वर काढायचा. अंगातला पांढरा झगा पाण्यात फुगून वर येतो, म्हणून त्याच्या काठात शिशाचे तुकडे शिवतात. झगे बाई शिवायच्या. शिसं घड्याळकाका द्यायचे, भिंतीवरच्या जुन्या घड्याळांच्या वजनांतलं.

या खेपेला झगा तयार होता, पण काका शिसं देईनात. कारण झगा ब्रदरचा होता.

ब्रदर इस्पितळात परिचारक होता, म्हणून सगळे त्याला ब्रदरच म्हणायचे. बाईंचा धाकटा भाऊ मंडळीत ऑर्गन वाजवायचा, आणि तो नि ब्रदर अकरा वर्षं एका घरात राहत होते. कुणी विचारलं की बाई सांगायच्या, "भाडेकरू आहे." ब्रदरला बाप्तिस्मा द्यायचा की नाही हे ठरवायला मंडळीची सभा भरली, तिथं भावानंच उठून ते खोडून काढलं. "ताई, भाडेकरू नाही. माझा जोडीदार आहे."

"म्हणजे इस्पितळात ब्रदर, पण इथं मंडळीत ब्रदर व्हायची पंचाईत!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं आणि तिथंच विरलं.

पाळकांनी एकच नियम घातला. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला, की मगच उत्तर द्यायचं.

घड्याळकाका उठले. भावाची बोटं धरून त्याला ऑर्गन शिकवला तो त्यांनीच.

"हा म्हणतो, पाप हे पापच नाही."

"नाही काका, असं नाही म्हणालो मी."

"बरं. हा म्हणतो, शास्त्र जुनं झालं."

"तेही नाही."

"मग परत बोल बाबा! कान म्हातारे झालेत माझे."

भाऊ म्हणाला, "मी घरी येतो तेव्हा कुणीतरी दार उघडतं. जेवायच्या आधी तो प्रार्थना करतो, मी आमेन म्हणतो. हे सोडून देवाकडे ये म्हणता. मला तर देव तिथंच भेटतो."

काकांनी घसा खाकरला. "मी घरी येतो... तेव्हा कुणीतरी..."

'हा म्हणतो' म्हणायचं ते विसरले होते. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली होती. घराचं कुलूप ते स्वतःच काढायचे.

"...दार उघडतं. आणि देव तिथं भेटतो."

"हो, हेच."

पवित्र आत्मा उतरो म्हणून बाई जन्मभर गात आल्या होत्या. उतरला तर तो असा, एका हट्टी म्हाताऱ्याच्या अडखळत्या जिभेवर उतरेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आता माझं ऐक," काका म्हणाले. "तू मला पोटच्या पोरासारखा. उद्या देवानं विचारलं, म्हाताऱ्या, तुला ठाऊक होतं तर अडवलं का नाहीस? काय तोंड दाखवू?"

भाऊ हळूच म्हणाला, "काका म्हणतात, माझ्यावर माया आहे, म्हणून भीती वाटते."

"हो," काका मटकन बसले. "हेच."

हात वर झाले. एक्केचाळीस बाजूनं, अडतीस विरोधात. बाईंचा हात कधी वर गेला ते त्यांनाच कळलं नाही. काकांचा विरोधात होता, ताठ.

शनिवारी सकाळी काका आले. शिवणयंत्राशेजारी त्यांनी रुमालाची पुरचुंडी ठेवली. आत शिशाचे आठ तुकडे होते, कडा कानशीनं घासलेले.

"काका, तुमचा हात तर..."

"विरोधात होता. परत विचारलंत तरी विरोधातच. पण पाण्यात माणसाचा झगा वर यायला नको, पोरी. टाके दुहेरी घाल." दारात थबकून त्यांनी विचारलं, "झग्याला लावायच्या चिठ्ठीवर कुणाचा म्हणून लिहितेस?"

"माझ्या घरच्या माणसाचा," बाई म्हणाल्या.

पुढं नऊ कुटुंबं मंडळी सोडून गेली. पाळकांना दुसऱ्या गावच्या मंडळीनं बोलावून घेतलं. काका कुठंच गेले नाहीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी मागच्या बाकावर डोळे मिटून बसले, आणि चार वर्षांनी वारले. भाऊ देवाघरी गेल्याला आता दोन वर्षं झाली. ब्रदर निवृत्त झाला. आपलं कुलूप आपणच काढतो, आणि रविवारी ताईंकडे जेवायला येतो.

तो झगा अजून वापरात आहे. बाई तो हातानंच धुतात. पिळताना काठातलं शिसं बादलीवर आपटतं, टक, टक, आणि बाई क्षणभर थांबून ऐकतात.