तीन उन्हांची ओळ

कढई चुलीवरून उतरवली तेव्हा लिएनच्या आईला मान वर करणंसुद्धा जिवावर आलं होतं. पहाटेपासून ती आचेपाशी बसून होती. तुंगाच्या बियांचं तेल मोठं लहरी. आच कमी पडली तर ते कच्चं राहतं, आणि कच्चं तेल म्हणजे बुरशीला आयतं जेवण. आच जास्त झाली तर कढईतच खरवसासारखं थिजून बसतं. तिनं एक थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत धरून ओढला. तार आली. मग चिमटीनं चुना आणि वर थोडं कापराच्या झाडाचं तेल घातलं. नवऱ्यानं शिकवलेलं माप होतं ते. गावच्या लाकडी पुलाला तेल लावायचं काम त्याचं. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून कुंचला हिच्या हातात.

"ताई, तोंड बघ तुझं," धाकटी जाऊ शिउयुन विस्तव पसरत म्हणाली. "उद्या सण आहे, मयत नाही."

"कंबर धरलीय."

"तुझी कंबर दर सणाला धरते."

कंबर धरली होती हे खरंच, पण मनाला लागलं होतं ते वेगळंच. परवा पुलाखाली जाऊन तिनं तिसऱ्या खांबावरची तुळई ठोकून पाहिली. आवाज बसका आला. लाकडात टोचायची आरी लावली तर ती मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर आली ती ओली. गेल्या वसंतात सलग नऊ दिवस पाऊस होता. सण तोंडावर, लाकूड दमट, आणि ती इतकी थकलेली, की वाळण्याची वाट न बघता तिनं दोन जाड हात मारून टाकले होते. तेल बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसं आतलंही बाहेर जाऊ देत नाही. वरून तुळई आरशासारखी चमकत राहिली आणि आतून वर्षभर बुरशी तिला खात राहिली. आज आणखी एक हात मारला की कुणाला काही कळणार नव्हतं. उद्या शेजारच्या गावचे दोनशे पाहुणे त्याच तुळईवर उभे राहणार होते. पुलावर आडवी दोरी धरून यजमानांनी गाण्यात प्रश्न विचारायचे, पाहुण्यांनी गाण्यात उत्तरं द्यायची, तेव्हा कुठे गावात शिरायचं, अशी रीत.

दुपारी गाव पुलावर जमलं. तेलाचा पहिला हात लावण्याआधी लावणाऱ्यानं तेलाचं गाणं म्हणायचं असतं. या लोकांचे सगळे नियम गाण्यात बांधलेले. पोथी नाही, कागद नाही, कंठ हीच पोथी. पुलाच्या मधोमध आजीदेवीचा छोटा देव्हारा. त्यापुढे उभं राहून तिनं सूर लावला. मागून गावानं खर्ज धरला. बी कुठून आलं, तेल कुणी काढलं, आच किती, असं करत सातवी ओळ आली: तीन उन्हं प्यालेल्या लाकडालाच मी तेल पाजते, आजी, माझा हात बघ.

तिचा आवाज तिथेच थांबला. गावाचा खर्ज थोडा वेळ एकटाच चालला, मग विरला.

"लिएनच्या आई, ओळ गिळलीस की काय?" गावातले सगळ्यांत वडील शंगफूकाका बोळक्या तोंडानं म्हणाले. "भूक लागली असेल तर भात आहे."

लोक हसले.

"ओळ आठवतेय, काका. गेल्या साली म्हटलीसुद्धा, इथेच, देवीपुढे. आणि हाताखाली लाकूड ओलं होतं." ती देव्हाऱ्याकडे बघत राहिली. "तिसऱ्या खांबावरची तुळई गेली. माझ्यामुळे गेली."

काका काठी टेकत खाली उतरले, आरी मागितली. वर आले तेव्हा आरीचं टोक त्यांनी बाहीला पुसलं. बाहीवर ओला डाग उमटला.

"मग उद्याचे पाहुणे?" कुणीतरी विचारलं.

"पाण्यातून येतील."

"सणाच्या कपड्यांत?"

"नाहीतर काय, कपडे डोक्यावर घेऊन?" काका म्हणाले. या खेपेला कुणी हसलं नाही.

तिनं कुंचला फळीवर ठेवला. "हा दुसऱ्या कुणाला द्या." हे म्हणताना तिला लाज वाटायला हवी होती. वाटलं ते असं, की डोक्यावरची मोळी कुणी उतरवून घेतंय.

"कुणाला देऊ? तार ओळखणारं दुसरं आहे कोण?" काकांनी आपले थरथरते हात पुढे केले. "यांना देऊ?"

"मी थकलेय, काका."

"दिसतंय. हेच गेल्या साली बोलली असतीस तर तुळई वाचली असती."

शिउयुन पुढे झाली. "पुढच्या खेपेपासून आच मी सांभाळीन. तार मला दाखव, ताई. कुंचला धरणार नाही, आधीच सांगते. हात काळे होतात."

दुसऱ्या दिवशी पाहुणे गुडघाभर पाण्यातून आले. दोरी नदीतच आडवी धरली, प्रश्नोत्तरं पाण्यात झाली. लिएनची आई गायला गेली नाही. गावच्या ढोल टांगलेल्या मनोऱ्याखाली अडीअडचणीसाठी राखलेलं जुनं, मुरलेलं खोड माणसांनी नव्या तुळईसाठी उन्हात आणून टाकलं होतं, त्याच्यापाशी ती बसली होती. खालच्या अंगाला तळवा लावून पाहिला. गार लागलं.

"ताई, वाळलं का?" चहाची वाटी घेऊन आलेल्या शिउयुननं विचारलं.

"नाही अजून. पहिलंच ऊन आहे."

लिएनच्या आईनं घेतलेली वाटी हातात तशीच राहिली. खोडाला पाठ टेकून ती बसल्या जागी झोपी गेली होती. शिउयुननं वाटी हळूच काढून घेतली आणि चहा स्वतःच पिऊन टाकला.