तंतुकणिकेला आलेली किळस

मित्रांनो, माझा वंश संपला. असो. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू आणि रीतसर सुरुवात करू.

मी एक जुनी तंतुकणिका आहे. पेशीत राहते, साखरेपासून ऊर्जा तयार करते. ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ असं माझ्याबद्दल लिहून तुम्ही परीक्षेत गुण मिळवता. आभार मानायला आजवर कोणी आलेलं नाही.

माझे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते. कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकदा एका मोठ्या पेशीने त्यांच्यातल्या एकाला गिळलं. गिळलं ते गिळलं, धड पचवलंही नाही. अर्धवट काम करणाऱ्यांची मला तेव्हापासून चीड आहे. आत सगळं कोमट, चिकट, बुळबुळीत. त्यातच आमच्या पिढ्या गेल्या. शेजारी लयकारिका राहते. ती पेशीतला कचरा खाते आणि त्याला स्वच्छता म्हणते. मला पाठ नाही, तरी मी तिच्याकडे पाठ करून बसते.

आमची ही शाखा जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंपर्यंत आली, त्यांच्या आईकडून. आई आता हयात नव्हती. बाईंना बहीण नव्हती. बाईंना दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी ‘हे एकच, पुन्हा नाही’ असं बजावलं होतं.

वर्गात बाईंनी सांगितलं, “तंतुकणिका फक्त आईकडून मिळतात.”

“मग बाबांच्या कुठे जातात?” मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“अंडपेशी त्या पचवून टाकते.”

“शी, बाई. आत्ताच डबा खाल्लाय.”

मी तो प्रकार जवळून पाहिला आहे. तिचं ‘शी’ फार सौम्य होतं.

“आणि तुम्हाला मुलगाच झाला तर?”

बाई पुसलेला फळा पुन्हा पुसू लागल्या. “तर माझ्या आईच्या तंतुकणिका त्याच्यापर्यंत. पुढे नाही.”

घरी सासूबाई म्हणत, “मुलगाच होणार बघ. वंशाला दिवा हवा.”

“अहो आई, पण दिव्याला वीज कोण पुरवतं?”

“लाइटवाले. हे काय विचारणं झालं?”

मुलगा झाला. त्याच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मी आहे. राहायला जागा भरपूर, पुढचा रस्ता बंद.

आणि जागा तरी कसली. हा लाळ गाळतो, ओकतो, ओकलेल्यात हात घालतो आणि तोच हात चाटतो. अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीनंतर हे.

एका दुपारी तो खांद्यावर झोपलेला असताना बाईंनी त्याच्या गालावर बोट टेकवलं. हळूच म्हणाल्या, “आई, आता इथेच राहा हं. सांभाळून.”

तो जागा झाला आणि त्यांच्या पाठीवर ओकला. बाई हसल्या, मग जरा रडल्या, मग फडकं शोधू लागल्या. त्या ओकारीत गालाच्या आतल्या काही पेशी होत्या. म्हणजे मीही होते. फडक्यावरून पुढे बादलीत गेले. त्याबद्दल मी बोलणार नाही.

मित्रांनो, चूळ भरताना जपून भरा. तुमच्या गालात कोणाची तरी आई राहते.

तरी उत्क्रांती विभागाच्या सक्षम अधिकाऱ्यांना नम्र विनंती, की मुलाकडूनही तंतुकणिका पुढील पिढीत नेण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी मिळावी, आणि निर्णय होईपर्यंत सदर बालकास स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालण्यास मनाई करण्यात यावी.