तिखट नसलेला डबा

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे, मित्रांनो. माझ्या गोष्टीत गुन्हेगार पकडणारी एक बाई आहे. मला लिहिणारीही बाईच होती; पण बायकांनी खून-दरोडे लिहू नयेत म्हणून छापणाऱ्याने मुखपृष्ठावर पुरुषाचे नाव घातले. वाचणाऱ्या बायका तरीही ओळखत. चुलीतल्या राखेवरून गुन्हा शोधणे पुरुषाला कुठून सुचणार?

अंबरनाथच्या एका वाचनालयात माझी फार चलती होती. ते बंद पडले आणि मी रद्दीत गेले. तिथून जिज्ञासाने मला उचलले आणि पालेगावला, तिच्या सासरी आणले. तिच्या नवऱ्याला, धर्मेशला, बायको वाचत बसलेली खपत नसे. म्हणून माझी जागा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे. तिथे मला सगळे ऐकू येई.

घरात धर्मेशची थोरली, विधवा बहीण तुळशीही राहत होती. दुपारी जिज्ञासा मला मोठ्याने वाची आणि तुळशी मेथी निवडत ऐके. पुढे वडिलांची जमीन बिल्डरला द्यायचे ठरले. तुळशीने हक्क सोडल्याची सही करायची होती. ती म्हणाली, "माझा वाटा मी सोडणार नाय."

त्यानंतर जिज्ञासा दोन दिवस माहेरी जाऊन आली, तर तुळशी घरात नव्हती.

"गेली कोणाबरोबर तरी," धर्मेश म्हणाला. "तोंड दाखवायला जागा नाय ठेवली."

गावाने लगेच विश्वास ठेवला. जिज्ञासाने ठेवला नाही. पण विचारायचे कोणाला? मला हातात घेतले तरी तिचे एक पान पुढे सरकत नसे. तुळशीला मारून टाकले असेल, असे तिच्या मनात येई.

एका सकाळी धर्मेश म्हणाला, "एक डबा जास्त कर, बिल्डरच्या साईटवरच्या वॉचमनला. भात मऊ कर. तिखट बिलकुल नको."

जिज्ञासाचा हात थांबला. तो वॉचमन दारात येऊन ठेचा मागून नेणारा माणूस. तिखट सोसत नव्हते ते तुळशीला. तिच्या पोटात आग पडे. म्हणजे ती जिवंत होती! जिज्ञासाने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिले. धर्मेशच्या सोनिवलीतल्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली एरवी तिथे असे; आज नव्हती.

मित्रांनो, माझी गोष्ट वाचताना लोकांना भीती गोड वाटते. आपल्याच नवऱ्याचा डबा भरताना ती गोड लागत नाही.

तेवढ्यात माचिस शोधता शोधता धर्मेशचा हात माझ्यावर पडला. त्याने दोन पाने वाचली.

"बायका चोर पकडतात?" तो हसला. मग त्याचे हसणे थांबले. "तुझ्या डोक्यात काय चाललंय?"

"काही नाही. जुनं पुस्तक आहे."

त्याने माझे मुखपृष्ठ टराटरा फाडले. "जेवणात लक्ष दे. तिचं नाव या घरात काढायचं नाय."

तो डबा घेऊन गेला. जिज्ञासाने मला पिशवीत घातले आणि थेट पोलीस ठाणे गाठले.

"बाई, डब्यात तिखट नाही ही काय तक्रार झाली?" तिथले साहेब म्हणाले. "घरचं घरात मिटवा."

बाजूला शलाका नावाची हवालदार बसली होती. तिने विचारले, "वॉचमन तिखट खातो, नणंद खात नाही. आणि फ्लॅटची किल्ली गायब. असंच ना?"

जिज्ञासाने होकार दिला. शलाका उठली. "साहेब, मी बघून येते."

सोनिवलीला फ्लॅटच्या मजल्यावर अजून कोणी राहायला आले नव्हते. दाराला बाहेरून कुलूप होते. जिज्ञासाने मला छातीशी आवळले होते. शलाकाने दार ठोठावले.

आतून बसलेला आवाज आला, "धर्मेश, मारायचं तर मार. मी सही नाय करणार."

"ताई, मी आहे," जिज्ञासा म्हणाली.

शलाकाने कुलूप तोडले. तुळशी रडली नाही. तिने पाणी मागितले.

आता जिज्ञासा आणि तुळशी कुळगावात भाड्याने राहतात. खटला चालू आहे, धर्मेश जामिनावर सुटला आहे. नातेवाईक म्हणतात, बायकोनेच नवऱ्याला आत टाकले. दारावर थाप पडली की दोघी आधी एकमेकींकडे बघतात, मग विचारतात, कोण आहे?

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, ती फाडू नका. आणि एखादी बाई घर सोडून निघून गेली असे कोणी सांगितले, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. ती कुठे गेली, एवढे तरी विचारा.