हंसाच्या गालावरचे खड्डे

माजी बायको हंसा सातपाटीच्या बाजारात मासळी विकायला बसली की आजूबाजूच्या बायका आवाज कमी करायच्या. पन गालावर लहानपनीच्या कांजन्यांचे खड्डे. पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ बघितला नि हटूनच बसली, हे काढायचेच.

मी म्हनलं, "अगं, पन्नाशीला आलीस. सुक्या बोंबलाला पावडर लावून भाव वाढतो का?"

"तुमी गप बसा. तुमचं थोबाड कोन बघतंय?"

बोईसरच्या डॉक्टरीनबाईनं गालावर लेझर मारलं. निघताना बजावलं, "महिना-दीड महिना थांबायचं. कातडी भरून येऊ द्या. घाई केलीत तर वाईट होईल." हंसा कसली थांबते! गाल लालबुंद असतानाच पालघरला दुसऱ्या डॉक्टरकडं गेली. पयल्या लेझरचं तिथं बोललीच नाय.

तिची आय दांडीला राहते. डोळे गेलेत. लेक आली की आदी गाल चाचपते, खड्ड्यांवरनं बोटं फिरवते, मग कुठं "हंसा" म्हनते.

दुसऱ्या लेझरनंतर आमी गेलो. म्हातारी गाल चाचपतच राहिली. म्हनाली, "काल आलेलीस तेवा बरी होतीस."

काल आमी गेलोच नव्हतो. हंसा हसली, "आय विसरते आता." पन घरी येईस्तोवर स्वतःचेच गाल चाचपत होती.

तरी तिसऱ्यांदा गेलीच. गाल उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत, वर डॉक्टरचं मलम चोपडलेलं. तसेच भर दुपारी दांडीला गेलो. म्हातारीनं गालाला हात लावला नि चटका बसल्यागत मागं घेतला.

"ही कोन बाय आनलीस, कमलाकांत?"

"आय, मी हंसा."

"हंसा परसात हाय. मासळी साफ करते. रोज येते बिचारी."

परसात कुनीतरी पानी ओतलं. मग खवलं काढल्याची खरखर.

हंसाचे डोळे भरले. बाजारात कदी रडली नाय ही बाई. "आयला मी कळत नाय हो," म्हनाली. मग ओढनी खोचली, "बघतेच, माज्या आयला कोन फसवतंय!" नि परसात गेली.

खरखर थांबली. मी उठलो, तर ती दारात उभी. हाताला खवलं चिकटलेली. गालावर खड्डे, सगळे, आपापल्या जागी. गुमान म्हातारीच्या पुढ्यात येऊन बसली.

"आलीस?" म्हातारी गालावरनं हात फिरवत हसली.

मी परसात धावलो. सांडलेलं पानी, खवलं, नि पाटावर हंसाची ओढनी. मलमाचा वास येत होता तिला. बाकी कोन नाय.

त्याला वरीस होत आलं. ही बाई चांगली हाय. माज्या जेवनाची आवड, माज्या शिव्या, सगळं हिला ठावं. म्हातारी तर खूश. मागं बोईसरवरनं फोन आला, कातडी भरली असंल तर परत या. ही मलाच इचारते, "कसलं लेझर? मी कवा गेलेली?"

ती ओढनी मी जपून ठेवलीय. दांडीला गेलो की परसातल्या दोरीवर टाकतो, निघताना परत घेतो.

परवा घेतली तर एका टोकाला ओली लागली. मलमाचा वास ताजा होता.