वाढत्या अंगाचा फ्रॉक

"माझा एकही फ्रॉक मला कधी बसलेला नाही," बटण माझ्या कानाशी तोंड आणून कुरकुरली. "बसायला लागतो ना आत्या, तोवर त्याचा रंग उडालेला असतो."

"शिंप्याच्या घरात जन्माला आलीस, भोग आता," मी म्हटलं आणि माझीच जीभ चावली. आमच्या घरात हल्ली साध्या साध्या शब्दांना काटे फुटलेत. बोलून झाल्यावर टोचतात.

बटण म्हणजे माझ्या भावाची मुलगी. वय वर्षं आठ. सात महिन्यांची असताना तिनं कोटाचं एक बटण गिळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते जिथून यायचं तिथून आलं. भावानं ते धुऊन, पुसून त्याच कोटाला लावलं आणि गिऱ्हाइकापुढे अवाक्षर काढलं नाही. तेव्हापासून हेच नाव पडलं.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. भाऊ कापतो, वहिनी मशीनवर बसते, आणि काजं, बटणं, खालची दुमड हे हाताचं काम माझं. बटणच्या रक्तात 'ते' निघालं तेव्हा मी महिनाभर हाताखाली म्हणून आले होते. त्याला दोन वर्षं झाली. 'ते' म्हणजे कॅन्सर. इथे लिहिते आहे, घरात कुणी म्हणत नाही.

शाळेच्या कपड्यांचा आमच्याकडे एक नियम आहे. पोराच्या कपड्याला खाली चार बोटं दुमड ठेवायची. दरवर्षी एकेक बोट उसवायची, कपडा तीन-चार वर्षं जातो. आया खिडकीतून सांगतातच, "वाढत्या अंगाचा शिवा हं, मास्तर." भावाला सांगावं लागत नाही. तीस वर्षांत त्याच्या कात्रीनं ही चार बोटं कधी सोडलेली नाहीत, आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीत तर तो पाच सोडायचा. म्हणून बटण कायम तंबूत राहायला गेल्यासारखी दिसायची. जुनी दुमड उसवली की तिथे एक गडद रेघ राहते. तिच्या फ्रॉकवरच्या रेघा मोजून तिचं वय सांगता आलं असतं. गेल्या दोन वर्षांत मात्र एकही दुमड उसवली नव्हती.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना आत बोलावलं. बटण बाहेर नर्सला टोप्यांचे भाव सांगत बसली होती. केस गेल्यापासून तिच्या टोप्या आम्ही उरलेल्या चिंध्यांतून शिवतो, आणि ती त्या वॉर्डात खपवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध आता लागू पडत नाही. अजून एक आहे, फार जालीम. त्यासाठी सहा आठवडे भरती करावं लागेल, वेगळ्या खोलीत, काचेपलीकडे. त्यानं फरक पडण्याची आशा फारच थोडी. नाहीतर घरी ठेवा. दुखणार नाही एवढं आम्ही बघू. तिला जे करावंसं वाटतं ते करू द्या. सोमवारी सकाळी आठला येऊन सांगा.

"सोमवारी शाळा उघडते," वहिनी म्हणाली. तेवढंच. तिला काय म्हणायचं होतं ते तिलाही कळलं नसावं.

त्यानंतर तीन दिवस घरात त्यावर कुणी तोंड उघडलं नाही. आम्ही मिठाबद्दल बोललो, नळाबद्दल बोललो, मशीनचा पट्टा सैल झालाय त्याबद्दल तर इतकं बोललो की तो बिचारा लाजून घट्ट व्हायचाच बाकी होता. रविवारी सकाळी वहिनीनं हॉस्पिटलची पिशवी भरली: चादर, वाटी, मऊ ब्रश, तोंड आल्यावर लावायचं औषध, सहा आठवड्यांच्या मोजून घेतलेल्या चड्ड्या. त्याच वेळी भिंतीपलीकडे भावानं निळ्या कापडाचं ठाण उलगडलं. बटणला चौथीचा नवा फ्रॉक हवा होता. कापून तो स्वतःच मशीनवर बसला. तो कधी बसत नाही. मला वाटलं, वहिनी कामात आहे म्हणून बसला असेल.

दुपारी एक बाई लेकीला घेऊन खिडकीशी आली. बटणला बाहेरच्या माणसाचा संसर्ग नको म्हणून आम्ही मापं खिडकीतूनच घेतो. पोरगी बटणच्याच वर्गातली, पण दंडानं तिच्या दुप्पट.

"चांगला ऐसपैस शिवा, मास्तर. ही काय भराभर वाढतेय! मला तर धडकीच भरते." मग तिला आत बसलेली बटण दिसली. "अगंबाई, कशी आहेस बाळ? बरी आहेस ना आता?"

"मी बारीक राहण्यासाठी खास प्रयत्न करते," बटण म्हणाली.

बाई हसली, मग हसायला नको होतं असं वाटून खोकली आणि लगेच मास्क नाही हे आठवून आणखी घाबरली. भाऊ टेप लावत राहिला. माप वहीत लिहून झाल्यावर त्यानं त्या पोरीच्या दुमडीच्या चार बोटांपुढे आणखी एक बोट लिहिलं.

संध्याकाळी त्यानं बटणचा फ्रॉक माझ्या मांडीवर ठेवला. "ताई, तेवढी दुमड घाल," म्हणाला आणि पाठ फिरवून खडूचे तुकडे वेचायला लागला. खडू नीटच होते.

मी कडा उलटली. दुमडायला कापडच नव्हतं. जेमतेम नखाएवढं, धागे निघू नयेत इतकंच. बाजूच्या शिवणी पाहिल्या. तिथेही आत काही सोडलेलं नव्हतं. मी पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

मी काय करावं? विचारावं की नाही? मी ते केलं जे आम्ही सगळे दोन वर्षं करत होतो. चिंध्यांतून चार बोटांची निळी पट्टी काढली आणि आतून जोडायला बसले. वहिनीला कळायला नको.

"पट्टी कशाला लावतेस?" बटण माझ्या खांद्यावरून वाकली. तिचं वजन मला जाणवलं नाही, फक्त औषधाचा वास आला.

"कापड कमी पडलं गं बाबांना."

"बाबांना कापड कमी पडत नाही." तिनं कड हातात घेतली आणि बोटं लावून मोजली. आमच्या घरात पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. मग तिचे डोळे मोठे झाले. "आत्या, म्हणजे हा मला आत्ताच बसेल?"

मी पट्टीतून सुई पुढे ओढली.

"काढ ना ती पट्टी. आत्या, काढ!"

मी काढली. नखाएवढी कड दुमडून टाके घातले. इतके वाकडे टाके मी आयुष्यात घातले नसतील.

ती घालून आली. खांदा खांद्यावर होता, कंबर कंबरेवर, कड गुडघ्याच्या जरा खाली, जिथे असायला हवी तिथेच. पहिल्यांदाच तिच्या अंगावर तिचा म्हणून एक कपडा होता, आणि त्यामुळेच ती किती उरली आहे ते नीट दिसत होतं.

"आई, ये ना, बघ!"

वहिनी पिशवीची चेन ओढत बाहेर आली. बघितलं, हसली, खाली बसली, आणि सवयीनं हात कडेखाली घातला. हात तिथेच थांबला.

"जा, आत कपाटाच्या आरशात बघून ये," ती बटणला म्हणाली. बटण भिंतीला हात लावत, हळूहळू आत गेली.

"अहो, दुमड विसरलात तुम्ही."

तिच्या आवाजात विनवणी होती. मीही पुढे झाले. "दिवसभर कात्री चालवलीय त्यानं. हात चुकतो एखाद्या वेळी." त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं. आम्ही दोघींनी त्याच्यासाठी दार सताड उघडं ठेवलं होतं.

भाऊ टेप बोटाभोवती गुंडाळत होता.

"उद्या आठला भरती आहे," वहिनी म्हणाली. "सहा आठवड्यांत परत येईल. अंग भरेल तिचं. मग हा दंडात रुतेल. दिवाळं निघाल्यासारखं कापड काय वाचवता? उसवा हे. नवा कापा. चार बोटं ठेवा. पाच ठेवा."

"विसरलो नाही मी."

"मग?"

आतून बटणचा आवाज आला, "आत्या, मागूनसुद्धा बसतोय!"

भावानं टेप मेजावर ठेवला. त्यानं माझ्याकडे नाही, वहिनीकडे पाहिलं. गुरुवारपासून पहिल्यांदाच.

"उद्या तिला शाळेत सोडू, आणि पिशवी रिकामी कर," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी दुमड उसवायला ती नसणार आहे गं."