साखर ओढणारी काळी कांडी

चैत्रातल्या कोरड्या दुपारी कन्हेरीच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. घोंगडीवर साखरओढे महाराज बसले होते. त्यांनी हातभर लांब काळीभोर कांडी घोंगडीवर खसाखसा घासली आणि ताटातल्या पिठीसाखरेवर धरली. साखर उडून कांडीला चिकटली. मग कांडी मधुमेह असलेल्या कुंडलिकआबांच्या हाताजवळ नेली, तसे हातावरचे केस ताठ उभे राहिले.

"बघ बाळा, रक्तातली साखर वर आली," महाराज म्हणाले. "हिमालयातली शिळा आहे ही. सुया बंदच ठेव."

उसावर वाढलेल्या गावाला हे चटकन पटलं. कारखाना उसातून साखर काढतो, महाराज माणसातून काढतात. धन्य ती अक्कल!

आबांची मुलगी सोनल पणदऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. महाराजांच्या नादानं आबांनी इन्सुलिन सोडलं होतं आणि पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. सोनलनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं, असं म्हणून आबा अडून बसले होते. तिच्या जिवाला घोर लागला होता.

तिनं पुढं होऊन महाराजांच्या हातातून कांडी घेतली, घासली आणि कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे चिकटले. मग कोंडा चिकटला. शेवटी भामाबाईंच्या डबीतली मिसरीसुद्धा चिकटली, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"आबा, तुमच्या अंगात मिसरी हाय का?" सोनलनं विचारलं.

मग तिनं घोंगडीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि महाराजांनाच कांडी घासायला सांगितलं. महाराज घासून घासून घामाघूम झाले, पण साखरेचा कणही हलला नाही. बाईच्या हातानं शिळा विटाळली, असं ते पुटपुटले.

"शिळा कसली, रबर हाय हे," सोनल म्हणाली.

रबर तर वाकतं, टायर काय आम्ही बघितला नाही का, अशी गर्दीतल्या हिंदुरावांनी शंका काढली. सोनलनं सांगितलं, रबरात थोडं गंधक घालून तापवलं की ते लवचीक राहतं. भरपूर घालून पुष्कळ वेळ तापवलं की लाकडासारखं टणक होतं. तेच कडक रबर. आबनुसाच्या काळ्या लाकडावरून त्याला एबोनाइट म्हणतात. तिनं कांडी दगडी पायरीवर जोरात खरडून हिंदुरावांच्या नाकाशी धरली. गंधकाच्या वासानं त्यांनी तोंड फिरवलं.

"लोकरीवर घासलं की ह्यात वीज साठती. ती हलकं काय बी वढती, केस बी उभं करती. वल्या घोंगडीवर वीज टिकत न्हाय. रक्तातली साखर हिला कधीच वढता येत न्हाय."

महाराजांनी गाठोडं आवळलं. आबांनी काळ्या पडलेल्या अंगठ्याकडं बघितलं.

"पोरी, गाडी काढ," ते म्हणाले.

बारामतीच्या डॉक्टरांनी पाय वाचवला, अंगठा मात्र गेला.

तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो उलटासुलटा करून बघा. भोंदूच्या शब्दावर औषध कधीही सोडू नका. कुंडलिकआबा आता लंगडत चालतात आणि कुणी विचारलं तर लपवत नाहीत. "साखरंनं न्हाय," ते सांगतात, "न तपासता इश्वास ठिवला, त्येनं गेला अंगठा."