बत्तीस कपांतला एक 'सॉरी'

शनिवार, १४ सप्टेंबर १९९१, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. हार्क्सविक बोल्स क्लबच्या मंडपात चहाचे कप बत्तीस मांडलेले, पिणारे तीस. अध्यक्ष क्लेमंट ऑर्मरॉड अवजारांच्या खोलीत होते आणि निवृत्त बेकरीवाले अर्नोल्ड सग्डेन त्यांना चहाला बोलवायला गेले होते. खोलीतून अर्नोल्डचा आवाज दाराजवळ बसलेल्या आम्ही तिघांनी स्पष्ट ऐकला : "सॉरी, क्लेमंट."

क्लेमंट मरून पडले होते. हिरवळीवर घरंगळवायच्या जड गोळ्यांपैकी एखादा कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. तो गोळा मात्र सापडला नाही. आमच्या चार हजार वस्तीच्या गावातला हा त्या वर्षातला पाचवा खून. त्यामुळे फारशी आरडाओरड झाली नाही. फक्त गार झालेला चहा पुन्हा करावा लागला.

जिल्ह्याच्या ठाण्यातून नेहमीची जोडी आली. इन्स्पेक्टर लॅसेल्स यांनी गुन्हेगारांच्या मनोव्यापारांवर सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि ज्ञान गंजू नये म्हणून ते रोज वापरत. सार्जंट बेरिल थॅक्रे आमच्याच गावची. तिने कसलाही अभ्यासक्रम केला नव्हता, म्हणून गाडी तीच चालवी.

"प्रेतापाशी उभा राहून माणूस माफी मागतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "आणखी कबुली काय हवी?"

"अहो, मी दार न वाजवता आत गेलो, म्हणून म्हणालो," अर्नोल्ड म्हणाले. "बेरिल, अगं पोरी, तू तरी सांग यांना."

"साहेब, आमच्याकडे खांबाला धडकलं तरी खांबाला सॉरी म्हणतात."

"सार्जंट, भावना बाजूला ठेवा."

पाच वाजता अर्नोल्डना कोठडीत नेले. सोमवारी त्यांना खुनाच्या आरोपाखाली न्यायालयापुढे उभे करायचे ठरले. वय एकाहत्तर, जन्मठेप झाली असती तर ती खऱ्या अर्थाने झाली असती. एका शब्दापायी अर्नोल्डना अटक झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर पसरली. लोक हळहळले आणि वेळेवर जेवले.

रविवारी सकाळी जबान्यांसाठी आम्हा तिसांना क्लबात बोलावले. आम्ही अर्थातच रांग लावली. रांग कशासाठी आहे हे निम्म्यांनी विचारलेही नाही.

बेरिल इन्स्पेक्टरांजवळ आली आणि तिने आपला भक्कम सरकारी बूट त्यांच्या पायावर ठेवला.

"सॉरी!" इन्स्पेक्टर कळवळले.

"घ्या! आता तुम्हालाही आत टाकू का, साहेब?"

साहेब लालबुंद झाले. पण मनोव्यापारांचा प्रयोग डोळ्यांसमोर घडत असताना त्यांना तो थांबवता येईना. बेरिल रांगेच्या टोकापासून निघाली आणि प्रत्येकाचा पाय तुडवत गेली. सॉरी. सॉरी. अरे, सॉरी हं. पाद्रीबाबा तर दोनदा म्हणाले. माझी करंगळी अजून दुखते, मीही म्हणालो.

एकोणतीस जणांनी माफी मागितली. निवृत्त दंतवैद्य डिग्बी फॉसेट यांचा पाय चेपला गेला तेव्हा त्यांचे ओठ त्या शब्दासाठी उघडले आणि मिटले. मग ते सावकाश म्हणाले, "काही हरकत नाही, सार्जंट."

एवढा उर्मटपणा आमच्या क्लबात पूर्वी घडला नव्हता.

"साहेब," बेरिल म्हणाली, "या शब्दापायी माणूस आत गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी सगळ्यांच्या तोंडून तो निसटलाच, तुमच्याही. कालपासून जिभेला लगाम घालून बसलेला हा एकटाच. का बरं?"

"हा काही पुरावा नाही," फॉसेट म्हणाले.

"नाहीच मुळी. म्हणून तर तुमची गोळ्यांची पिशवी बघते."

सभ्य गृहस्थाच्या पिशवीत हात घालणे आमच्याकडे खुनापेक्षा गैर मानले जाते. त्यामुळे आदल्या दिवशी क्लबातच ठेवलेल्या पिशव्यांपैकी एकही उघडली गेली नव्हती. फॉसेट यांच्या पिशवीत चार गोळे होते. तीन गोळ्यांवर गवताचा हिरवा डाग होता. चौथा लख्ख धुतलेला. त्यावर कोरलेल्या चिन्हाच्या खाचेत मात्र रक्त वाळले होते.

"दंतवैद्य असून खाचा स्वच्छ करायच्या राहिल्या?" बेरिलने विचारले.

फॉसेट खाली बसले. "तो आपली हिरवळ उपटून प्लास्टिकचा गालिचा घालणार होता," ते म्हणाले. "ऑर्डरसुद्धा देऊन आला होता, मेला."

मंडपात कुजबूज उठली. तिच्यात मृताविषयीचा शोक मला फारसा आढळला नाही.

"याचा पश्चात्ताप होतो का तुम्हाला?" इन्स्पेक्टरांनी आशेने विचारले.

"मुळीच नाही."

साहेबांचा अभ्यासक्रम या ठिकाणी संपत असावा. त्यांनी फॉसेटना गाडीत बसवले, मागचे दार स्वतः लावले आणि पुढचा रस्ता बेरिलला विचारला.

अर्नोल्ड सग्डेन दुपारी दीड वाजता घरी आले. कोठडीतील एकूण वास्तव्य : साडेवीस तास.